उभी गाडी भाड्याने दिली म्हणून गाड्या कमी होत नाहीत

गाडी दिवसातले २३ तास नुसती उभी असते, हे वाक्य कार शेअरिंगचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत येतंच. डोनाल्ड शूप म्हणून पार्किंग या एकाच विषयावर जवळजवळ अख्खी कारकीर्द घालवलेले अमेरिकन प्राध्यापक होते, त्यांच्यामुळे हा ९५ टक्क्यांचा आकडा सगळीकडे पोचला, आणि आकडा ढोबळमानाने बरोबरच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यावरून मारल्या जाणाऱ्या उडीबद्दल. म्हणजे कसं, की उभी गाडी म्हणजे वाया चाललेला पैसा, मग ती जवळपासच्या कुणाला तरी तासाच्या हिशोबाने भाड्याने द्या, ॲपवरून लॉक उघडेल, ॲपच पैसे कापेल, इन्शुरन्सचं पण तेच बघेल, मालकाला चार पैसे सुटतील, घेणाऱ्याला स्वतःची गाडी घ्यायची गरज उरणार नाही, आणि शहरातल्या गाड्या आपोआप कमी होतील. यातलं बरंचसं मला पटतं, शेवटचं आपोआप काही पटत नाही.

माझं म्हणणं असं, की खाजगी गाड्या एकमेकांना भाड्याने द्यायची ही सोय लोकांच्या प्रवासाच्या सवयी खरंच बदलू शकते, पण एका अटीवर, मालकाला त्यातून गाडीचा खर्च निघावा, गाडी हा धंदा होऊ नये. ती अट सुटली की हीच सोय गाड्या कमी करायच्या ऐवजी वाढवायला लागते. आणि बाजार काही ती अट स्वतःहून पाळत नाही.

आधी त्या २३ तासांचं बघू. गाडी उभी आहे म्हणजे नक्की काय वाया जातंय? लोखंड, प्लास्टिक, इंजिन वाया जातंय असं म्हणावं तर ते अर्धंच खरं, कारण गाडी भंगारात जाते ती जितकी वयामुळे तितकीच चाललेल्या किलोमीटरमुळे. तीन घरांची धाव एकाच गाडीवर घातली तर ती गाडी लवकर संपणार आणि नवी लवकर लागणार. म्हणजे तीन गाड्यांच्या जागी एक बनवावी लागेल हा हिशोब कागदावरच राहतो. दुसरं असं की गाडी सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. छत्रीचं कसं, वर्षातले बहुतेक तास ती कोपऱ्यात असते म्हणून चार घरांनी मिळून एक घ्यावी असं कुणी सुचवत नाही, कारण पाऊस चौघांवर एकदमच पडतो. गाडीचा पाऊस म्हणजे शनिवार सकाळ आणि सुट्ट्यांचा सीझन. किती गाड्या लागणार हे सरासरी वापरावर ठरत नाही, त्या गर्दीच्या तासांवर ठरतं, आणि मंगळवारी दुपारी दोन वाजता मोकळी असलेली गाडी फारशी कुणाला नको असते.

मग फायदा कुठे आहे? एक जागेत आहे, म्हणजे पार्किंगमध्ये, आणि तो छोटा अजिबात नाही, शहरात रस्त्याच्या कडेची जागा ही फुकट वापरली जाणारी सगळ्यात महाग वस्तू असते. आणि दुसरा, मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो, डोक्यात आहे.

स्वतःची गाडी असली की तिचे मोठे खर्च आधीच होऊन गेलेले असतात. हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स, वर्षाकाठी पडणारी किंमत, हे सगळं गाडी हलली काय नि नाही हलली काय, चालूच. किल्ली उचलताना डोळ्यासमोर फक्त पेट्रोल येतं, आणि एक-दीड किलोमीटरला पेट्रोल ते किती लागणार, म्हणून माणूस चालत जायच्या अंतराला पण गाडी काढतो. यात तो आळशी आहे असं नाही, त्याला दिसणारी किंमतच तेवढी आहे. भाड्याच्या गाडीत नेमकं उलटं होतं. हप्ता, टायर, सर्व्हिसिंग, घसारा, सगळं त्या तासाच्या दरात मिसळून एकदम समोर येतं, तेव्हा माणूस स्वतःला विचारतो की एवढ्या कामासाठी एवढे द्यायचेत का, बस आहे, सायकल आहे, किंवा दोन कामं एकाच फेरीत उरकू. त्यात बुकिंग करा, गाडी उभी असेल तिथवर चालत जा, निघायच्या आधी चारही बाजूंनी ओरखड्यांचे फोटो काढा, परत आणताना टाकी भरा, हा सगळा व्याप. ॲप बनवणाऱ्यांना हा व्याप म्हणजे दुखणं वाटतं आणि तो कमी करायला ते रात्रंदिवस राबतात, पण प्रवासाच्या सवयीच्या दृष्टीने बघितलं तर अर्धं औषध त्या व्यापातच आहे हो.

हे नुसतं तर्काचं नाही. नेदरलँड्समध्ये निजलँड आणि व्हॅन मीरकर्क या दोन संशोधकांनी कार शेअरिंग वापरणाऱ्यांचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं निघालं की शेअरिंग सुरू केल्यावर या लोकांकडच्या गाड्या ३० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या आणि गाडीने होणारी धाव १५ ते २० टक्क्यांनी घटली. पण त्यातलीच एक ओळ लोक सोडून देतात, ती अशी की शेअरिंगची गाडी बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या गाडीच्या जागी येते. पहिली गाडी लोक सहसा सोडत नाहीत. हे मला अगदी माणसाच्या स्वभावाला धरून वाटतं. पहिली गाडी म्हणजे रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची खात्री असते, तिचा हिशोब कुणी तासावर करत नाही. दुसरी गाडी मात्र बऱ्याचदा आठवड्यातल्या एखाद-दोन अडचणींसाठी घेतलेली असते, नि त्या अडचणी भाड्याने सुटू शकतात.

उत्तर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या एलियट मार्टिन आणि सुझन शाहीन यांनी २००८ मध्ये मोठा सर्व्हे केला होता. तो कंपनीच्या किंवा संस्थेच्या मालकीच्या गाड्यांचा, शेजाऱ्याच्या गाड्यांचा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यात सभासद घरांमध्ये सरासरी ०.४७ गाड्या होत्या त्या ०.२४ वर आल्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. एक शेअर्ड गाडी ९ ते १३ गाड्या रस्त्यावरून कमी करते हा जो आकडा प्रत्येक जाहिरातीत असतो तो इथलाच. पण याच सर्व्हेतून आणखी एक गोष्ट निघाली आणि ती जाहिरातीत नसते: सभासद झालेल्या बहुसंख्य घरांचं प्रदूषण थोडंसं वाढलंच होतं. कारण सरळ आहे, त्यांच्याकडे आधी गाडी नव्हती, आता मिळाली. उरलेल्या थोड्या घरांनी गाडी विकली किंवा घ्यायचं टाळलं, आणि त्या थोड्यांची घट इतकी मोठी होती की बाकीच्यांची वाढ भरून निघून वर उरली. म्हणजे सगळा फायदा त्या थोड्या घरांवर उभा आहे. ती घरं गाडी सोडत असतील तर ही योजना चालली, ती सोडत नसतील तर तुम्ही फक्त नवे ड्रायव्हर तयार केले.

नवे ड्रायव्हर तयार झाले हे सरसकट वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. गाडी परवडत नाही म्हणून ज्याला लांबच्या नोकरीचा इंटरव्ह्यू सोडावा लागतो, किंवा व्हीलचेअरवरच्या आईला बसमध्ये चढवता येत नाही, त्याला महिन्यातून दोनदा गाडी मिळाली तर ती धाव वाढलेली मला चालेल. फ्रायबर्गर आणि सुंदरराजन या दोन अर्थतज्ज्ञांनी गेटअराउंड या खाजगी गाड्या भाड्याने देणाऱ्या ॲपचा डेटा घेऊन २०१५ मध्ये हाच हिशोब मांडला होता, त्यात निष्कर्ष असा की अशा बाजाराचा फायदा कमी उत्पन्नाच्या लोकांना तुलनेने जास्त होतो, कारण ते गाडी घ्यायच्या ऐवजी भाड्याने घ्यायला लागतात. हा मुद्दा वजनाचा आहे, आणि म्हणूनच मी या सोयीच्या विरोधात नाहीये.

पण शेजाऱ्याच्या गाडीत एक माणूस असा आहे जो कंपनीच्या गाडीत नसतो, तो म्हणजे मालक. बहुतेक अभ्यास, बहुतेक जाहिराती भाड्याने घेणाऱ्याच्या सवयीबद्दल बोलतात. मालकाच्या सवयीचं काय? त्याचा हिशोब उलट्या दिशेने चालतो. ज्या गाडीचा हप्ता डोईजड होता तो आता भाड्यातून निघतो, मग जी दुसरी गाडी तो यंदा विकणार होता ती ठेवतो, किंवा छोटी घ्यायची ती मोठी घेतो, कारण मोठीला भाडं चांगलं मिळतं. घेणाऱ्याला प्रत्येक फेरीची किंमत दिसायला लागली हे खरं, पण देणाऱ्याला मात्र गाडी स्वस्त झाली. एकाच ॲपवर एक माणूस गाडी सोडायला शिकतोय आणि दुसरा ठेवायला, नि या दोघांची बेरीज काय येते हे कुठल्याच कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये नसतं. गुंतवणूकदाराला त्याच्याशी काय घेणं म्हणा.

आता हा मालक एका गाडीवर थांबत नाही हे बघायला इतिहास पुरेसा आहे. २०१० च्या आसपास हे सगळं सुरू झालं तेव्हा कल्पना खरोखर गल्लीची होती. लंडनमध्ये व्हिपकार २०१० मध्ये सुरू झालं, बोस्टनमध्ये रिलेराइड्स त्याच वर्षी, फ्रान्समध्ये पुढे ड्रिव्ही झालेली कंपनीही तेव्हाचीच. तासावर भाडं, चालत जायच्या अंतरावर गाडी. व्हिपकार २०१३ मध्ये बंद पडलं. रिलेराइड्सने तासाचं भाडं सोडून दिवसांच्या भाड्यावर उडी मारली, २०१५ मध्ये नाव बदलून ट्युरो केलं, आणि धंद्याचा मोठा हिस्सा विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांकडे सरकला. जानेवारी २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने ट्युरोला कोर्टात खेचलं, म्हणणं असं की तुम्ही विमानतळावर गाड्या भाड्याने देता तर बाकी रेंटल कंपन्यांसारखं परमिट घ्या आणि फी भरा. कंपनी म्हणत राहिली की आम्ही रेंटल कंपनी नाहीच. २०१९ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरूनही हेच भांडण झालं. एव्हाना तिथे दहा-वीस गाड्या कर्जावर उचलून फक्त ॲपवर लावणारे मालक उभे राहिले होते, त्यातली एकही गाडी त्यांच्या घरची नव्हती. शेजारी म्हणून सुरू झालेला माणूस छोटा ट्रॅव्हल्सवाला झाला, एवढंच.

हे का झालं, कुणाची नियत वाईट होती म्हणून नाही. दोन तासांचं बुकिंग असो की दहा दिवसांचं, गिऱ्हाइकाचं लायसन्स तपासणं, गाडी पुसणं, ओरखड्यावरून होणारी तक्रार, कस्टमर केअरचा फोन, हा खर्च साधारण तेवढाच येतो. मग दहा दिवसांचंच बुकिंग कुणाला नको असेल? आणि दहा दिवसांचं बुकिंग करणारा कोण, तर सुट्टीवर आलेला प्रवासी, ज्याने एरवी रेंटल कंपनीची गाडी घेतलीच असती. त्याच्या फेऱ्यांनी शहरातल्या कुणाची रोजची सवय बदलत नाही. तासाच्या भाड्याला धरून राहिलेल्यांचं तरी काय भलं झालं म्हणा, गेटअराउंडने २०१९ मध्ये ड्रिव्हीला ३० कोटी डॉलरला विकत घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतला कारभार गुंडाळला. जनरल मोटर्सने मेव्हन या आपल्या कार शेअरिंग सेवेत २०१८ ला लोकांच्या खाजगी गाड्याही भाड्याने द्यायला घेतल्या आणि २०२० मध्ये मेव्हनच बंद केलं. जपानमधलं एनिका २०१५ ते २०२४ चाललं. म्हणजे जो प्रकार शहराला हवाय तो धंदा म्हणून तगत नाही, आणि जो तगतो त्याचा शहराला फारसा उपयोग नाही. ज्यांना वाटतं की बाजारावर सोडा, चांगलं मॉडेल जिंकेलच, त्यांनी या दहा-पंधरा वर्षांकडे एकदा नीट बघावं.

इथे मला कॅलिफोर्नियाचा कायदा आठवतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही पण या अख्ख्या विषयात इतकं शहाणपणाचं कलम मला दुसरं दिसलेलं नाही. २०१० मध्ये तिथे कायदा झाला की खाजगी गाडी अशी शेअर केली म्हणून इन्शुरन्स कंपनीने तिला कमर्शियल धरून मालकाची पॉलिसी रद्द करायची नाही, आणि शेअरिंगच्या वेळेतली जबाबदारी मालकाच्या घरच्या पॉलिसीवर न येता शेअरिंग चालवणाऱ्याच्या पॉलिसीवर राहील. पण हे संरक्षण कुणाला, तर ज्याची शेअरिंगमधली वर्षाची कमाई त्या गाडीच्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त नाही त्याला. खर्चात घसारा, हप्ता, इन्शुरन्स, दुरुस्ती, पार्किंग, इंधन, धुणं-पुसणं सगळं धरायचं. म्हणजे गाडीचा पूर्ण खर्च निघू दे, हरकत नाही, त्याच्या वर गेलात की तुम्ही शेजारी नाही, व्यावसायिक आहात, मग व्यावसायिकाचे नियम पाळा. अशी रेघ मारली की वीस गाड्यांचा मालक आपोआप बाहेर पडतो, कारण नुसता खर्च काढायला वीस गाड्या कोण घेणार?

इन्शुरन्सचं कलम का लागलं हे पण समजून घेतलं पाहिजे, नाहीतर तो नुसता कागदी घोळ वाटतो. बोस्टनमध्ये २०१२ साली अशा भाड्याने दिलेल्या एका गाडीचा भीषण अपघात झाला, चालवणारा गेला, समोरच्या गाडीतले लोक जखमी झाले, आणि घरी बसलेल्या मालकापुढे प्रश्न उभा राहिला की ॲपच्या पॉलिसीची मर्यादा संपल्यावर उरलेल्या भरपाईचं काय. न्यूयॉर्क राज्याने तर २०१३ मध्ये इन्शुरन्सच्याच मुद्द्यावर रिलेराइड्सला थांबवलं आणि नवा कायदा होऊन ट्युरो तिथे परत यायला २०२२ उजाडलं. ज्या देशांत असा कायदाच नाही तिथे खाजगी गाडी पैसे घेऊन देणारा मालक रोज केवढी जोखीम घेत असतो याची त्याला स्वतःला कल्पना नसते, ॲपवरच्या अटी पूर्ण वाचणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही.

तर शहरांनी काय करावं? रस्त्याच्या कडेची जागा त्यांच्या हातात असते. राखीव पार्किंग, स्वस्त परमिट, टॅक्समध्ये सूट, जे काय द्यायचं असेल ते खर्चाच्या मर्यादेत राहणाऱ्या घरच्या गाडीलाच द्यावं, आणि तेही जी गाडी बहुतेक करून तासांवर, जवळच्या लोकांना दिली जाते तिला. आज कित्येक ठिकाणी उलटं होतं, शेअरिंग असं लेबल असलं की झालं, सगळ्यांना एकच सवलत, मग ती गाडी विमानतळाच्या कंपाउंडला महिनाभर उभी असली तरी. आणि हे तपासायचं कसं असं कुणी विचारेल तर ते उलट सगळ्यात सोपं आहे, प्रत्येक बुकिंग, प्रत्येक पैसा ॲपवरूनच जातो, कोणाच्या नावावर किती गाड्या आणि किती कमाई हे कंपनीला शेवटच्या आकड्यापर्यंत माहीत असतं. फक्त ते शहराला द्यायची सक्ती करावी लागेल. कंपन्या प्रायव्हसीचं कारण पुढे करतील, पण नावं न देता पण हे आकडे देता येतात.

एक मोठा आक्षेप राहतो आणि तो खोडता येत नाही. नफ्याचा मार्ग बंद केला तर गाड्या द्यायला पुढे येणार कोण? परक्या माणसाने आपल्या गाडीत सिगारेट ओढायची आणि वर आपण नुसता खर्च काढायचा, हे कोण करेल? कमी लोक करतील, मान्य आहे. बेल्जियममधल्या घेंटमध्ये देगाज नावाची सभासदांची संस्था आहे, तिथे नफा न कमावता गाडीच्या खऱ्या खर्चावर किलोमीटरचा दर ठरवून लोक एकमेकांना गाड्या देतात, आणि ते वर्षानुवर्षं चाललंय. पण तिथे ओळख आहे, दहा मिनिटांवर सायकलने पोचता येईल असं शहर आहे, ट्रेन आहे. जिथे बस तासाला एक येते आणि फुटपाथ अर्ध्यात संपतो तिथे देगाज उभी करा नाहीतर ट्युरो आणा, घरातली गाडी कुणी सोडणार नाही, आणि त्यात लोकांची चूक पण नाही. डच लोकांची धाव घटली ती नुसत्या ॲपमुळे घटली असं मी म्हणणार नाही, गाडी नाही घेतली तर जायला दुसरं काहीतरी होतं म्हणून घटली. त्यामुळे खर्चापुरत्या शेअरिंगमध्ये गाड्या कमी येतील, वाढ हळू होईल, नि बसचे पैसे काढून इकडे वळवायचे तर मुळीच नाहीत.

आणि हे सगळं आत्ता ठरवायला हवं, कारण पुढचा टप्पा दारात आहे. तुमची गाडी तुम्ही ऑफिसात असताना स्वतःच बाहेर पडून भाडं कमावून आणेल हे स्वप्न टेस्लाने २०१६ पासून विकायला ठेवलंय. ते पूर्ण व्हायला अजून किती वर्षं लागतील ते लागोत, पण झालंच तर चालत गाडीपर्यंत जायचा, चावीचा, फोटोचा सगळा व्याप संपतो, म्हणजे ज्या दोन गोष्टींनी माणूस विचार करायला थांबत होता त्यातली एक गेली, आणि भाडं उतरलं की दुसरी पण जाईल. मालकाच्या बाजूने तर एक गाडी आणि पन्नास गाड्या यातला त्रासाचा फरकच उरणार नाही. खर्चाच्या वर कमावलं की तुम्ही व्यावसायिक, ही रेघ आज शंभर-दोनशे मोठ्या मालकांना नाराज करून मारता येते. उद्या त्या गाड्यांवर मोठमोठ्या फंडांचे पैसे लागलेले असतील, आणि ते वकील घेऊन येतील.